पेटीची आतली बाजू

आमचे हे आजारी नव्हते, रुसले होते. डॉक्टरांना ते समजायला बऱ्याच तपासण्या लागल्या, मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. माणूस खरोखर आजारी असला की औषध मागतो, चिडतो, उशी नीट करायला लावतो. हे नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे आणि परत भिंतीकडे.

रुसवा कोणावर, तर साऱ्या जगावर. जन्मभर ह्यांनी कपाटं केली. कपाटं म्हणजे कशी, तर एक खण आत ढकलला की आतल्या हवेने शेजारचा खण आपसूक बाहेर यायचा. लोक घरी पाहुणे आले की तो खेळ करून दाखवायचे. गिऱ्हाईक बाहेरचं पॉलिश बघायला लागलं की हे दार उघडून म्हणायचे, "आत बघा. बाहेरून सगळेच हसतात." कपाटाची आतली बाजू, जिथे कोणी आयुष्यात हात घालणार नाही तीसुद्धा, काचेसारखी गुळगुळीत असायची. मग बाजारात भुसा दाबून केलेल्या फळ्यांची तयार कपाटं आली. स्वस्त, हलकी, दुपारी सांगितलं की संध्याकाळी घरात. ह्यांच्याकडे कोणी फिरकेना. आणि त्या तयार कपाटांचं दुकान गल्लीच्या टोकाला कोणी काढावं, तर ह्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने, ज्याला ह्यांनीच हाताला धरून रंधा मारायला शिकवलं होतं.

दुकान उघडायच्या दिवशी ह्यांनी चार लोकांत एका कपाटावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "हे कपाट नाही, भिजलेलं बिस्कीट आहे." भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. ह्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. "माझ्या हातून गेलेल्या वस्तूत एक खोट दाखव, रंधा सोडीन," असंही वर ऐकवलं. तेव्हापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद. पुढे रंधा आपोआपच सुटला, कारण कामच उरलं नाही, आणि हे अंथरुणाला खिळले.

मला रडत बसायचा कंटाळा आहे. मी अंगणात पक्ष्यांना दाणे घालायला लागले. घरात दिवसभर न बोलणारा माणूस असला की बाहेर काहीतरी चिवचिवणारं लागतं. जुनं टेबल मागच्या दाराशी ठेवलं, त्यावर सूर्यफुलाच्या बिया, भरडलेले शेंगदाणे, चरबीत मळलेले दाणे. पाणी सकाळी गोठलेलं असायचं, ते फोडून कोमट पाणी ओतायचं. चिमण्या तर यायच्याच, शिवाय काळ्या टोपीचे आणि पिवळ्या पोटाचे ते चिमुकले पक्षी यायचे, त्यांना मी टोपीवाले म्हणायचे. मोठे आगाऊ. एक बी घ्यायची, फांदीवर नेऊन पायाखाली धरून फोडायची, की पुन्हा हजर.

दिवसाचं असं भागत होतं. प्रश्न रात्रीचा होता. आमच्या घरांच्या मागे एक जुनं गोदाम होतं आणि त्याच्या भिंतीभर दाट वेल. सगळे पक्षी रात्री त्या वेलीत दडून बसायचे. हिवाळ्याच्या तोंडावर गाड्या लावायला जागा हवी म्हणून गोदाम पाडलं, वेलीसकट. पक्षी संध्याकाळी यायचे, रिकाम्या जागेवर घिरट्या घालायचे आणि शेवटी पन्हाळीच्या कडेला अंग फुगवून बसायचे. एका सकाळी पन्हाळीखाली एक टोपीवाला मरून पडलेला सापडला. मी तो उचलला, घरात आले आणि ह्यांच्या उशीशेजारी ठेवला.

"हे काय?" हे दचकून उठले.

"बघा. दाणे मी देते. पण रात्री झोपायला ह्यांना घर नाही. सुताराच्या घराच्या मागे पक्षी गारठून मरतायत. बोला आता."

ह्यांनी तो पक्षी तळहातावर घेतला. त्याचा पंख बोटाने उघडला, मिटला. मग म्हणाले, "भोक केवढं लागेल?" त्या दिवसापासून भिंतीची आणि ह्यांची फारकत झाली.

मला वाटलं होतं, चार फळ्या ठोकतील, भोक पाडतील, झालं. तसं बोलूनही दाखवलं. "चार फळ्या ठोकायला मी काय फळांची खोकी करणारा आहे?" म्हणून माझ्यावरच डाफरले. जुन्या सागवानाच्या ठेवणीतल्या फळ्या निघाल्या. वारा लागू नये म्हणून पेटी चांगली खोल. झाकण असं बसवलं की कागदही आत सरकू नये. आतून बाहेरून रंधा, मग पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक पॉलिश पेपर. ओल शिरू नये म्हणून आतून मेण चोळलं आणि फडक्याने घासघासून चकाकवलं. मी म्हटलं, "अहो, त्यांना भांग पाडायला आरसा हवाय का?" हे हसले. किती तरी महिन्यांनी हसले.

एक पेटी बघून शेजारच्यांनी मागितली, मग गल्लीतल्या प्रत्येकालाच हवी झाली. ह्यांनी सगळ्यांना करून दिल्या. दिवसभर खोलीतून रंध्याचा आवाज, घरभर भुसा, आणि मला तो झाडताना राग येण्याऐवजी बरं वाटत होतं. शेवटची पेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही त्याला नेऊन दे. लाकूड कसं असतं ते बघून ठेव म्हणावं." मी पेटी भाऊजींना दिली, निरोप दिला नाही.

पेट्या टांगल्या, पण पक्षी काही आत जाईनात. वास नवा होता. समोरचे दाताचे डॉक्टर रोज विचारायचे, "मिस्त्री, भाडेकरू मिळाले का?" हे मान हलवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. मग एका दुपारी वारा फिरला, संध्याकाळपर्यंत बोटं वाकेनाशी थंडी पडली, आणि अंधार पडता पडता एक टोपीवाला आमच्या पेटीच्या भोकाशी आला. आत डोकावला. बाहेर बघितलं. आत गेला. त्याच्यामागे दुसरा, मग आणखी. गल्लीत ठिकठिकाणाहून लोक हाका मारून सांगत होते, आमच्याकडेही गेले, आमच्याकडेही गेले. हे खिडकीत उभे होते, हातातला चहा गार झालेला, आणि चेहरा इतका हरखलेला की मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी टेबलावर दाणे टाकले तर टोपीवाले नेहमीपेक्षा कमी आले. मला वाटलं, ऊब मिळाली, उशिरा उठतील. मग पेटीतून आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, मध्येच थांबून पुन्हा खर्र. मी ह्यांना हाक मारली. हे स्टुलावर चढले आणि झाकण उघडलं.

तळाशी तीन पक्षी एकमेकांना चिकटून पडले होते. मेलेले. त्यांच्या अंगावर उभा राहून चौथा उडी मारत होता. भोकाच्या दिशेने झेप घ्यायचा, नखं भिंतीला लावायचा आणि घसरून खाली यायचा. मी हात आत घातला. तो माझ्या बाहीला बिलगून सरसर वर चढला आणि उडून गेला. बाही खरखरीत लोकरीची होती.

ह्यांनीही हात आत घातला. चारी भिंतींवरून फिरवला, जसा आयुष्यभर फिरवत आले होते. मग स्टुलावरून खाली उतरले आणि उपड्या बादलीवर बसले.

"मेण," हे म्हणाले. "नखं रुततील कुठे? अंगात दम होता ते भरारी मारून सुटले असतील. हे बिचारे रात्रभर..."

मग उठले आणि घरात गेले. मी मागोमाग गेले. हे पलंगावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. त्या भिंतीला मी चांगली ओळखून होते. एकदा हा माणूस पुन्हा तिकडे वळला की ह्या वेळी कोणता पक्षी आणून त्याला उठवणार होते मी? मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

"अहो, भिंतीला तोंड दाखवायचं असेल तर उद्या दाखवा. आज वेळ नाही. आज थंडी कालच्याहून जास्त पडणार आहे, रेडिओवर सांगितलंय. संध्याकाळी ते सगळे पुन्हा आत जाणार. आपल्याच नाही, गल्लीभराच्या पेट्यांत."

"भोकं बुजवून टाक," हे म्हणाले.

"आणि झोपतील कुठे? पन्हाळीवर? तुम्हीच घर दिलंत ना त्यांना?"

"मी नाही, मी सापळे केलेत."

"केलेत ना? मग ते सापळे कोण मोडणार, मी?"

मी खरोखरच हत्यारांच्या पेटीतून पटाशी काढली, अंगणातली पेटी काढून आणली आणि घरातच भुईवर मांडून झाकणाच्या फटीत पटाशी खुपसली. लाकूड कचकन फुटलं. हे ओरडले, "अगं, बिजागरी! बिजागरी तरी काढ आधी!" आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशा अवतारात धावत आले आणि पटाशी माझ्या हातातून हिसकावून घेतली.

ह्यांनी स्क्रू काढून पुढची फळी वेगळी केली, आतली बाजू वर करून मांडीवर घेतली. पटाशी टेकवली. हात उचलेना. जन्मभर ओरखडा दिसला की घासून काढणारा माणूस, आपणहून कसा पाडणार? शेवटी ह्यांनी डोळे मिटले आणि हातोडा मारला. पहिला घाव अगदी नाजूक पडला. ह्यांनी नखाने चाचपून बघितलं, मान हलवली, दुसरा खोल मारला. मग भोकाच्या खालपासून तळापर्यंत आडव्या खाचा पाडत गेले. मेण कानशीने खरवडून काढलं. पेटी जोडून झाल्यावर आत बघितलं तर ती भिंत उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. ह्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि कुसळ टोचलं तेव्हा म्हणाले, "हं. आता बरोबर."

आमची पेटी झाली. बाकी गल्ली पडली होती.

पोस्टमनच्या दारात हे म्हणाले, "पेटी जरा काढून देता? थोडं काम राहिलंय." पोस्टमनच्या बायकोने दिली. त्यात कोणी नव्हतं, नुसती पिसं होती. हे तिथेच पायरीवर बसले आणि खाचा पाडून दिल्या. बेकरीवाला म्हणाला, "आज भट्टीपुढून हलता येत नाही हो मिस्त्री, उद्या सावकाश घेऊन जा." हे "बरं" म्हणाले आणि माघारी वळले. दाताचे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे काही तक्रार नाही, राहू द्या." हे पुन्हा "बरं" म्हणाले. शिंप्याने तर सरळ सांगितलं की इतकी सुंदर पेटी तो कोणाला हात लावू देणार नाही, करणाऱ्यालासुद्धा नाही.

रस्त्यात मी ह्यांचा दंड धरला. "काम राहिलंय म्हणजे काय? लोकांना वाटतं, पॉलिशचा आणखी एक हात मारायचाय."

"सांगतोय की."

"काय सांगताय? मेलेत म्हणून सांगितलंत का कोणाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत असं काही होतं की माझी जीभ आत गेली. एरवी मी कोणाच्या बापाला भ्यायची नाही. पण मला वाटलं, हे शब्द ह्यांच्या तोंडून ओढून काढले तर त्यांच्याबरोबर सगळंच बाहेर येईल आणि माणूस इथेच रस्त्यात बसेल. मीच घरोघर जाऊन सांगू शकले असते. तेही जमेना, ह्यांची लाज मी परस्पर वाटत सुटले असते. सूर्य घरांच्या मागे सरकत होता आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं पटाशी घेऊन रस्त्यात उभी होतो.

पुढचं घर हेडबाईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, पण आवाज अजून शाळेतच आहे. गल्लीत कचऱ्याची गाडीसुद्धा त्यांना विचारून वळते. त्यांनी पेटी दाराशेजारीच टांगली होती आणि तिच्यावरची धूळ रोज पुसायच्या.

"काम राहिलंय?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "ह्यात? अहो मिस्त्री, ह्या पेटीत खोट काढायला भिंग घेऊन बसावं लागेल. तुम्ही आता थकलात, उगाच शंका येतात. घरी जा, विश्रांती घ्या. ही पेटी मी खरवडू देणार नाही."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून ह्यांचा आवाज आला, घसा बसल्यासारखा.

"बाई, माझ्या पेटीत पक्षी मेलेत."

हेडबाई थांबल्या.

"आतून मेण लावलंय मी. फार गुळगुळीत झालीय. आत जातात, पण वर चढता येत नाही त्यांना. आमच्याकडे तीन मेले. माझं चुकलं. मला आधी कळायला हवं होतं, नाही कळलं. आज रात्री आणखी मरतील."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "माझं चुकलं" हे शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, आणि तेही दुसऱ्या बाईच्या दारात. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. हे पडले नाहीत. उलट पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यासारखे जरा ताठ झाले.

हेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग एवढंच विचारलं, "वेळ किती आहे?"

"अंधार पडेपर्यंत."

त्यांनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन आवाज लावला. "ऐका सगळ्यांनी! मिस्त्रींच्या पेट्यांत पक्षी अडकून मरतायत! झाकणं उघडा, आत कोणी असेल तर सोडा, आणि पेट्या काढून माझ्या अंगणात घेऊन या! लगेच!"

खिडक्या उघडल्या, डोकी बाहेर आली. ज्या गल्लीत ह्यांनी आयुष्यभर खाली मान घातली नव्हती, तिथे ह्यांच्या चुकीची दवंडी पिटली जात होती. ह्यांचे कान लालभडक झाले. मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"बाई," हे म्हणाले, "जरा आणखी मोठ्याने. बेकरीपर्यंत गेलं पाहिजे."

हेडबाईंनी पुन्हा आवाज दिला, तो बेकरीच्याही पुढे गेला असणार.

लोक पेट्या घेऊन आले. शिंपी दोन्ही हातांनी धरून आला. बेकरीवाला पिठाच्या हातांनी तसाच धावत आला आणि त्याने पेटीबरोबर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी कागद उघडून बघितलं. प्रत्येक घरातून आलेला प्रत्येक मेलेला पक्षी ह्यांनी उघडून बघितला, एकही चुकवला नाही. कोणी टोमणा मारला नाही. मला वाटतं, टोमणा मारला असता तर मीच पटाशी उचलली असती.

मग कामाला नुसता ऊत आला. हे फळ्या सुट्या करत, खाचा पाडत, पोस्टमन पुन्हा स्क्रू पिळत, मी कानशीने मेण काढत. दाताचे डॉक्टर बाह्या सरसावून बसले. "खरवडायचं काम मला द्या, जन्मभर तेच केलंय." आणि खरंच, त्यांच्या खाचा सगळ्यांत चांगल्या निघाल्या. ह्यांनी त्यावर नख फिरवून म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही चुकीच्या धंद्यात गेलात." तसे सगळे हसले. हेडबाई कोणी थांबलं की त्याच्याकडे नुसतं बघायच्या, आणि तो कामाला लागायचा.

दिवस कलला तेव्हा सगळ्या पेट्या जागच्या जागी परत टांगून झाल्या होत्या. लोक हात झटकत घरी निघाले. ह्यांनी पटाशी पुसली, पण पिशवीत टाकली नाही.

"एक राहिली," हे म्हणाले.

मला ठाऊक होतं कोणती. "मी एकटी जाऊन आणू?"

"नको. चल."

भाऊजींचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. काचेमागे ती पांढरी, चकचकीत तयार कपाटं ओळीने उभी. धाकटी जाऊ गल्ल्याशी होती, आम्हाला बघून उठून उभी राहिली. भाऊजी शिडीवरून दिवा बदलत होते, ते तिथूनच म्हणाले, "काय दादा, बिस्किटं मोजायला आलास?"

"पेटी घ्यायला आलोय. चुकलीय ती. पक्षी मरतात तिच्यात."

भाऊजींनी दिवा पिळायचा थांबवला. ते इतक्या दिवसांपासून ह्याच वाक्याची वाट बघत असणार, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात पदर खोचून भांडायला तयार झाले. पण ते हळूच खाली उतरले.

"माझ्या पेटीत कोणी मेलं नाही," ते म्हणाले. "मी ती टांगलीच नाही."

"का?"

भाऊजी जमिनीकडे बघायला लागले. जाऊबाईंनी उत्तर दिलं. "तुमच्या मागे बघा."

दारावरच्या फळीवर, दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या दिव्याखाली, पेटी ठेवलेली होती. "रोज झाकण उघडून आत हात फिरवतात," जाऊबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की खाली काढून दाखवतात, माझ्या दादाने केलीय म्हणून. कपाट विकायचं सोडून हेच. मी कंटाळले सांगून."

भाऊजींनी पेटी खाली काढली आणि छातीशी धरली, लहान मूल आपलं खेळणं धरतं तशी. "दादा, ही नको नासवूस. इथे कोणता पक्षी येणार नाही, कोणी मरणार नाही. बाकीच्या सगळ्या खरवडल्यास ना? आवाज इथपर्यंत आला बाईंचा. तुझ्या हातची एक तरी चांगली राहू दे."

मला वाटलं, आता हे मान्य करतील. मी असते तर केलं असतं. सगळा दिवस ज्या हातांनी स्वतःचंच काम खरवडलं, त्या हातांना एवढी एक सूट मिळायला काय हरकत होती? ह्यांनी पेटीकडे बघितलं. मग काचेतून बाहेर बघितलं. दुकानाच्या पाटीच्या वरच्या कडेला चार-पाच टोपीवाले अंगाचे गोळे करून बसले होते. वाऱ्याने त्यांची पिसं उलटी होत होती.

"ते कुठे झोपतात?" ह्यांनी विचारलं.

"तिथेच. पाटीवर."

"मग ही चांगली कशी म्हणतोस?"

ह्यांनी पटाशी पुढे केली, दांडा त्यांच्याकडे करून. "घे. तूच पाड."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"तुझ्याच्यानेच होईल. माझा हात सवयीने सरळ रेघ मारतो, दिवसभर भांडतोय त्याच्याशी. तुझा वाकडा पडायचा, आठवतं?"

"तेवढ्यासाठी थपडा खाल्ल्यात मी."

"आज खायच्या नाहीत. मार."

दोघं दुकानाच्या लादीवर मांडी घालून बसले, मधे ती फळी. भाऊजींनी पहिला घाव मारला आणि ओठ चावला. "खोल," हे म्हणाले. भाऊजींनी दुसरा मारला. "आणखी खोल. कोणासाठी करतोयस? गिऱ्हाइकासाठी?" तिसऱ्या घावाला भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बाहीने पुसून त्यांनी चौथा मारला. हे शेजारी बसून फळी दाबून धरत होते. जाऊबाईंनी दुकानाचे दिवे मालवले, कारण पक्षी उजेडाला बिचकतील, आणि उरलेलं काम संधिप्रकाशातच झालं.

पेटी पाटीशेजारी टांगली तेव्हा आभाळाचा रंग राखेसारखा झाला होता. आम्ही चौघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. एक टोपीवाला आला, भोकात डोकावला, उडाला. परत आला. आत गेला. त्याच्या मागून बाकीचे गेले. कालची संध्याकाळही अशीच होती, हे सगळ्यांच्या मनात होतं.

सकाळी जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. माझी नजर आधी भिंतीकडे गेली, मग दाराकडे. बूट नव्हते. मी कोट चढवून बाहेर पडले. आमची पेटी सताड उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. गल्लीभर एकेका पेटीचं झाकण उघडून ठेवलेलं होतं, म्हणजे हे उजाडल्यापासून घरोघर फिरत आले होते. टोकाशी दुकानापुढे दोघे भाऊ उभे दिसले. हे शिडीवर, भाऊजी शिडी धरून.

मी पोचले तेव्हा भोकातून एक काळं डोकं बाहेर आलं. त्याने आम्हाला बघितलं, तक्रार केल्यासारखं काहीतरी म्हणाला आणि उडाला. आतून नखांचा आवाज आला, खर्र, खर्र, आणि लगेच दुसरा भोकाशी आला. मग तिसरा. मग बराच वेळ कोणीच नाही.

ह्यांनी झाकण उघडलं. आत बघण्याआधी हात घातला. तळ चाचपला, एक कोपरा, दुसरा कोपरा, सगळे कोपरे. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"रिकामी आहे," हे म्हणाले, आणि हात आतच ठेवून उभे राहिले.